त्रेचाळीस देशांत चालणारी सही

माझी सही फार तर चार गावांत चालली. प्रयोग संपला की लोक विंगेपाशी वह्या पुढे करायचे, मी तोंडावरचा रंग न पुसताच झोकात सही ठोकायचो, आणि ती वही बहुधा पुढच्या वर्षीच्या रद्दीत जायची. माझ्या भाऊजींची सही त्रेचाळीस देशांत चालत होती. ती नसली तर बंदरात माल अडायचा. ती असली की साता समुद्रापलीकडचा कस्टमचा अधिकारी, ज्याने भाऊजींचं तोंड जन्मात पाहिलं नव्हतं, तो मान डोलावून पेट्या सोडायचा. हे मी आज हसत लिहितो आहे. पन्नाशीत असताना मला याचं हसू येत नसे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या शहरातल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांच्या मंडळात, ते दाखल्यांच्या विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि कागदावर उठावाचा शिक्का उमटवणारं एक हातयंत्र. त्या यंत्राची दांडी दाबताना भाऊजी उजवा खांदा अशा तोऱ्यात खाली आणत की मला अंकाच्या शेवटी पडदा पाडणारा माणूस आठवे.

काम समजायला सोपं होतं. इथल्या कारखानदाराने परदेशी माल पाठवला की तिकडचं कस्टम विचारतं, हा माल तुमच्याच देशात तयार झाला कशावरून? कारखानदार 'झाला' म्हणणारच, त्याचा काय उपयोग? म्हणून चेंबरने कागद तपासायचे, गरज पडली तर कारखान्यात जाऊन यंत्रं पाहायची, आणि मग उगमाचा दाखला द्यायचा. खाली भाऊजींची सही.

"म्हणजे तुम्ही साक्षीदार," मी एकदा म्हणालो.

"साक्षीदाराची उलटतपासणी होते. माझी कोणी घेत नाही." भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला. "असं बघा मेहुणे, बिजागरी करणारा इथला, दार बसवणारा तिथला. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही, भाषा एक नाही. मध्ये दोन चेंबर. इथला मला ओळखतो, तिथला तिथल्या चेंबरला ओळखतो, आणि आम्ही दोघं एकमेकांची सही ओळखतो. अर्ध्या जगाचा व्यापार एवढ्या ओळखीवर चालतो. तुमच्या नाटकात तरी लोक समोर बसलेले असतात."

ही सहीची ओळख कशी होते, त्याची एक रीत होती. कोणालाही सहीचा अधिकार मिळाला की चेंबरच्या छापील कागदावर त्याने तीन वेळा सही करायची, वर शिक्का, आणि असा एकेक कागद प्रत्येक देशातल्या चेंबरला टपालाने धाडायचा. ई-मेल तेव्हा आले होते, पण या कामाला मूळ शाईच लागे. तिकडे तो कागद एका बाडात लागतो. शंका आली की बाड उघडायचं आणि सही ताडून पाहायची. तिकडच्या सह्यांचं तसंच बाड भाऊजींच्या कपाटात होतं, आणि ते त्यांनी एखाद्या कुटुंबाच्या फोटोंच्या अल्बमसारखं जपलं होतं. मला पानं उलटून दाखवायचे. "हा गृहस्थ गेल्या वर्षी आजारी असणार, बघा, शेवटची रेघ खाली घसरली आहे. ही बाई घाईची. आणि हा..."

'हा' आला की आवाज बदलायचा. दूरच्या एका बंदरातल्या चेंबरमध्ये एक सही करणारा होता. भाऊजी त्याला 'पलीकडचा' म्हणत. त्याची सही उभी, ताठ, एका दमात केलेली. एकोणीस वर्षं दोघांचा कागदी संबंध. वर्षाच्या सुरुवातीला पलीकडच्याकडून एक कार्ड यायचं. त्यावर दोन ओळी: आपले सर्व कागद वेळेवर आणि बिनचूक मिळाले, आपली प्रकृती ठीक असेल. बस. ते कार्ड भाऊजी महिनाभर खिशात वागवायचे.

"माझी सवत समुद्रापलीकडे आहे," ताई म्हणायची. "मला एकोणतीस वर्षांत कधी म्हणाले नाहीत, जेवण वेळेवर आणि बिनचूक मिळालं."

"अगं, तो पुरुष आहे."

"म्हणून तर बोलता येत नाही. बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या."

आम्ही हसायचो. भाऊजी हसायचे नाहीत. त्यांना ते खरंच आवडत नसे.

या घरात मग एक नाव शिरलं, म्हणजे नाव नव्हेच. चेंबरमध्ये पत्रव्यवहारासाठी एक बाई नोकरीला लागल्या. पस्तिशीच्या, चार परदेशी भाषा लिहिणाऱ्या, भरभर चालणाऱ्या. दोन वर्षांत सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाल्या. परदेशी शिष्टमंडळ आलं की अध्यक्षांच्या शेजारी त्या. कोणा व्यापाऱ्याचं परदेशात भांडण अडलं की "बाईंना विचारा." भाऊजींना मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं, पुढे निवृत्तीही दिसत होती, तेव्हा चेंबरने ठरवलं की सहीचा अधिकार आणखी एकाला द्यावा, आणि तो बाईंना दिला. त्या दिवसापासून भाऊजींनी त्यांचं नाव टाकलं आणि त्यांना 'नवी सही' म्हणायला सुरुवात केली.

"नवी सही आज दहा मिनिटं उशिरा."

"नवी सही हसते फार."

"नव्या सहीचं अक्षर पाहिलंत? जणू मुंग्या वरातीला निघाल्या आहेत."

ताई मला डोळ्यांनी खुणवायची. भाऊजी त्या बाईंना पाण्यात पाहू लागले होते, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि खरं सांगतो, मला ते ओळखीचं वाटत होतं. एक काळ असा होता की माझ्या भूमिकेची दुसऱ्या कोणी तालीम केली तरी माझं जेवण जात नसे. माणूस आपली जागा लाकडाच्या फळ्यांवर असली तरी दातांनी धरून ठेवतो. त्यामुळे मी भाऊजींना बोललो नाही. बोलायला हवं होतं.

पलीकडच्याच्या देशातून एक शिष्टमंडळ आमच्या शहरात आलं, तेव्हा ठिणगी पडली. पलीकडचा स्वतः आला नव्हता. पण त्याने शिष्टमंडळाबरोबर एक पत्र धाडलं होतं, दोन पानी, शाईच्या पेनाने लिहिलेलं. ते पत्र नव्या सहीच्या नावे होतं. दौऱ्याची सगळी जुळवाजुळव तिने केली होती, त्याबद्दल आभार, तिच्या पत्रांच्या भाषेचं कौतुक, आणि आपल्या बंदरातल्या पक्ष्यांविषयी अर्धं पान. तिने ते निर्मळ मनाने भाऊजींना दाखवलं. "सर, तुमचे मित्र किती छान लिहितात!"

भाऊजी संध्याकाळी आमच्याकडे आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले.

"पक्षी," ते म्हणाले.

"कसले पक्षी?"

"एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षांत मला त्याने पक्ष्यांबद्दल चकार शब्द लिहिला नाही."

मी हसू दाबलं. नटाला तेवढं येतं. पण त्यांचा चेहरा पाहून हसू आपोआप विरलं.

पुढच्याच आठवड्यात नव्या सहीचे नमुना-कागद तयार झाले. तिने त्रेचाळीस कागदांवर तीन-तीन सह्या करून गठ्ठा भाऊजींच्या टेबलावर ठेवला. पाकिटं भाऊजींनी स्वतः भरली. जावक वहीत त्रेचाळीस देश एकाखाली एक लिहिले. बेचाळीस पाकिटं टपालात पडली. पलीकडच्याचं पाकीट ते दुसऱ्या दिवशी टाकणार होते. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, उद्या. त्या बाडात आपल्या सहीच्या शेजारच्या पानावर ती मुंग्यांची वरात बसणार, ही कल्पना त्यांना सहन होईना. मग ते पाकीट खालच्या खणात गेलं, वर जुने कार्बनचे कागद आले, आणि भाऊजी ऑपरेशनसाठी रजेवर गेले.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं ते असं की बिजागऱ्या अडल्या.

आमच्या शहरात बिजागऱ्या करणारा एक छोटा कारखानदार होता, अठरा माणसांचा. सगळे त्याला बिजागरीवाले म्हणत. त्याला पहिल्यांदाच परदेशी मागणी आली होती, नेमकी पलीकडच्याच्या बंदरातून. तिथे एक दवाखाना बांधून होत आला होता, त्याच्या दारांसाठी. भाऊजी रजेवर, म्हणून दाखल्यावर सही नव्या सहीने केली. माल पोचला. कस्टमने दाखला तिथल्या चेंबरकडे ताडायला पाठवला. पलीकडच्याने बाड उघडलं, आणि नियमाप्रमाणे जे लिहायचं ते लिहिलं: ही सही आमच्याकडे नोंदलेली नाही. झालं. दाखला संशयित, पेट्या गोदामात, आणि तिकडच्या गिऱ्हाईकाने कळवलं की दहा दिवसांत सुटलं नाही तर आम्ही दुसरीकडून घेऊ.

चेंबरच्या सचिवांनी जावक वही काढली. त्रेचाळीस नोंदी, भाऊजींच्या अक्षरात. भाऊजींच्या वहीवर कोण शंका घेणार? सचिवांनी निष्कर्ष काढला की बाईंनी एक कागद कमी दिला असणार, आणि भाऊजींनी विश्वासाने नोंद केली असणार. हलगर्जीपणाबद्दल बाईंनी परवा सकाळी अकरा वाजता खुलासा द्यावा. तोवर सहीचा अधिकार स्थगित. खुलासा पटला नाही तर नोकरीचंही पाहावं लागेल.

त्या दुपारी नवी सही भाऊजींना भेटायला घरी आली. मीही तिथेच होतो. भाऊजींच्या उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यात अजून मोतीबिंदू. ती खुर्चीच्या कडेवर बसली. पिशवीतून संत्री काढून टेबलावर ठेवली आणि तब्येतीची चौकशी झाल्यावर सरळ म्हणाली, "सर, मी त्रेचाळीस कागद दिले होते ना? तुम्हाला आठवत असेल."

भाऊजींनी उघडा डोळा संत्र्यांकडे वळवला.

"मोजले नव्हते मी," ते म्हणाले. "तुम्ही दिलेत, मी टाकले."

"पण मी दोनदा मोजले होते."

"तुम्ही मोजले असतील. मी नव्हते मोजले."

ती उठली, ताईला म्हणाली, "येते," आणि जिन्यावर तिची ती भरभर चाल ऐकू आली नाही. सावकाश उतरली.

मी चाळीस वर्षं खोट्याच्या धंद्यात काढली आहेत. वाक्य कुठे पाठ केलेलं आहे ते मला ऐकूनच कळतं.

"भाऊजी, कागद कुठे आहे?"

त्यांनी टाळाटाळ केली नाही. खण, कार्बन, पाकीट, पक्षी, सगळं सांगितलं. सांगताना एकदाही तिचं नाव घेतलं नाही. मग खुर्ची माझ्याकडे ओढली आणि म्हणाले, "मेहुणे, मला शिकवा."

"काय?"

"परवा सचिव मलाही बोलावणार. तुमच्यापुढे माझं खोटं दोन मिनिटं टिकलं नाही. तिथे टिकलं पाहिजे. तुम्ही इतकी वर्षं लोकांना रडवलंत, मला नुसता चेहरा सरळ ठेवायला शिकवा."

"अहो, एका बाईची नोकरी जाईल!"

"तिला चार भाषा येतात. तिला दुसरी मिळेल. मला सही आहे, तेवढीच आहे. हे कळलं तर त्रेचाळीस देशांना कळवतील की या माणसाची सही आजपासून धरू नका. समजतंय का तुम्हाला? आजपासून धरू नका!"

स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला वाटलं, आता कडाडेल. पण ती पदार्थ ढवळायचा डाव घेऊन तशीच बाहेर आली आणि म्हणाली, "शिकव रे त्यांना. तालीम होऊन जाऊ दे. तू सचिव हो. मी नवी सही."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने डाव टेबलावर आपटला. "बघतोस काय? घे प्रवेश."

नाटकवाल्याला एवढं पुरतं. मी टेबलामागे बसलो, पोट पुढे काढलं, सचिवांसारखा घसा साफ केला. ताई खुर्चीच्या कडेवर बसली, मघाशी नवी सही बसली होती तशीच. भाऊजी उभे.

"बाईंनी सांगावं," मी म्हणालो.

"मी त्रेचाळीस कागद दिले होते. दोनदा मोजून," ताई म्हणाली.

"तुमचं काय म्हणणं?"

"त्यांनी दिले, मी टाकले. मोजले नव्हते." भाऊजींचा आवाज बरा लागला. खोटं दुसऱ्यांदा बोलताना सोपं जातं.

"न मोजता त्रेचाळीस पाकिटांवर पत्ते लिहिलेत?"

ते अडखळले. "म्हणजे... पाकिटं भरली तेव्हा सगळी होती."

"सगळी होती! मग बाई खरं बोलतात. कागद इथून गेला."

"गेला असेल."

"असेल कसं? वहीत नोंद आहे, तुमच्या अक्षरात. बाकी बेचाळीस ठिकाणी पोचला. एकाच ठिकाणी नाही." मला आता रंग चढला होता. सचिव माझ्या अंगात आले होते. "म्हणजे घोटाळा पलीकडे आहे. त्यांच्या त्या सही करणाऱ्या माणसाने कागद हरवला आणि वर आमच्याच बाईंना खोटं पाडलं. मी आजच त्यांच्या चेंबरला कडक पत्र लिहितो. असला गबाळा माणूस त्या जागेवर ठेवू नका म्हणून—"

"त्याच्या टेबलावरून कागद हरवत नाही!"

भाऊजी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. डोळ्याच्या पट्टीवर हात दाबून ते तसेच उभे राहिले, मान लालबुंद. "एकोणीस वर्षं! एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही. त्याला गबाळा म्हणता? त्याला?"

ताई खुर्चीच्या कडेवरूनच, अजून त्या बाईचीच बैठक मारून, हळू आवाजात म्हणाली, "मी गेले तर चालेल. त्याला मात्र शब्द लागता कामा नये. असंच ना, सर?"

भाऊजी खाली बसले. ताई उठली, डाव उचलला आणि आत गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. नंतर तोही थांबला.

रंगभूमीवर अशा वेळी माणूस एक मोठं भाषण करतो. भाऊजींनी संत्रं सोललं. पूर्ण सोललं, एकही फोड खाल्ली नाही. मग म्हणाले, "परवा नको. उद्याच जाऊ. मला जिना दिसत नाही, तुम्ही चला बरोबर."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा दंड धरून चेंबरचे दोन मजले चढवले. त्यांनी आधी आपल्या खोलीत नेलं. चाचपून खालचा खण उघडला, कार्बन बाजूला सारले, पाकीट काढलं. मग सचिवांच्या खोलीत. तिथे बिजागरीवाले आधीच बसले होते, चार दिवसांची दाढी वाढलेली, आणि भिंतीशी नवी सही उभी होती.

भाऊजींनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"त्रेचाळिसावा कागद. बाईंनी दिला होता. मी टाकला नाही. वहीतली नोंद खोटी आहे, ती मी केली."

सचिवांनी पाकीट उलटसुलट केलं. "विसरलात?"

बघा, दार उघडंच होतं. मोतीबिंदू, वय, कामाचा व्याप. एक 'हो' म्हटलं की पार.

"नाही," भाऊजी म्हणाले. "मत्सर."

बिजागरीवाल्यांनी तोंडात मारल्यासारखं पाहिलं. "साहेब, माझी अठरा माणसं चार रात्री झोपली नाहीत, आणि तुम्ही... मत्सर?"

"हो."

"कशाचा?" हा प्रश्न तिचा होता. तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं, आणि आवाजात गोडवा अजिबात नव्हता. "कशाचा मत्सर, सर? तुमची सही त्रेचाळीस ठिकाणी आहे. माझी बेचाळीस."

मला हसू फुटलं. त्या खोलीत फक्त मलाच. भाऊजींनी माझ्या पायावर पाय दिला, दिसत नसतानाही बरोबर दिला.

पुढचं काम तिनेच हातात घेतलं. पलीकडच्याला आधी पत्र, मागून मूळ कागद कुरिअरने. तिने मजकूर वाचून दाखवला: 'आमच्या कार्यालयातील विलंबामुळे...'

"विलंब नव्हे," भाऊजी म्हणाले. "तिथे माझं नाव घाला. कागद मी मुद्दाम अडवला असं लिहा."

"सर, एवढं उघडं कोणी लिहीत नाही. चेंबरची शोभा होईल."

"माल कुठे तयार झाला ते आपण लिहून देतो ना? मग चूक कुठे तयार झाली तेही लिहा. आणि खाली माझी सही घ्या. ती त्याला ओळखू येते."

सचिवांनी कपाळावर हात मारला, पण अडवलं नाही. पत्रात शब्द सौम्य झाले, नाव मात्र राहिलं.

पलीकडचा, नंतर कळलं, कुरिअर येताच स्वतः कागद घेऊन कस्टममध्ये गेला. मुदतीच्या आठव्या दिवशी पेट्या सुटल्या. दवाखान्याची दारं लागली. बिजागरीवाल्यांनी दाढी केली. आणि चेंबरच्या समितीने भाऊजींची इतक्या वर्षांची नोकरी पाहून त्यांना ठेवलं, सही मात्र काढून घेतली. त्रेचाळीस पत्रं निघाली: या तारखेपासून ही सही ग्राह्य धरू नये. जावक वहीत त्यांची नोंद करायचं काम, जागा त्यांचीच असल्यामुळे, भाऊजींनाच करावं लागलं. या खेपेला त्रेचाळीसच्या त्रेचाळीस त्याच दिवशी टपालात पडली. मी टपालपेटीपर्यंत बरोबर गेलो होतो. परत येताना ते एवढंच म्हणाले, "हलकं पाकीट आहे हो. नमुन्याचं जड असतं."

त्यानंतर निवृत्तीपर्यंतची अडीच वर्षं ते दाखले तपासत. आकडे जुळवायचे, माल आणि यंत्रं ताडायची, आणि कागद समोरच्या टेबलावर सरकवायचा. समोर नवी सही बसायची. ती सही करायची, दांडीही तीच दाबायची. रोज डोळ्यांदेखत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. भाऊजींचा गेला नाही, आणि त्यांनी तो गेल्याचं सोंगही केलं नाही. "आज सतरा सह्या केल्या तिने," असं घरी येऊन सांगायचे. "मी मोजल्या. एकेक मोजली. पोटात एवढं दुखलं."

"ओवा देऊ?" ताई विचारायची.

त्या दोघांमध्ये काही गोड मैत्री वगैरे झाली नाही. ती त्यांना 'सर' म्हणत राहिली, पण संत्री पुन्हा आणली नाहीत. तरी मला वाटतं, तिच्याइतकं भाऊजींना कोणी ओळखलं नाही.

कारण पुढच्या वर्षी चेंबरचं शिष्टमंडळ पलीकडच्याच्या देशात गेलं, त्यात ती होती. परत आल्यावर एका रविवारी दुपारी ती आपण होऊन घरी आली. आम्ही पत्ते खेळत होतो. भाऊजींनी पत्ते पालथे ठेवले आणि कोणतीही प्रस्तावना न करता विचारलं, "उंच आहे ना तो?"

"कोण? नाही. बुटके आहेत. जाड आहेत. मोठ्याने हसतात."

"बुटका?" भाऊजींना ते फार लागलं. "सही तर ताठ आहे."

"सर, सही ताठच आहे. माणूस बुटका आहे."

"बरं. पुढे."

"त्यांनी तुमचं विचारलं. म्हणाले, ते गृहस्थ अजून तिथे आहेत का? मी म्हटलं, आहेत. माझे सगळे कागद आधी तेच तपासतात."

भाऊजी पुढे झुकले. "मग?"

"मग ते म्हणाले, असं असेल तर मला तपासायला नको."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असेल. आम्हा नटांच्या जातीला ते फार लवकर येतं. मला वाटलं, आता भाऊजींचं मन निवेल, एकोणीस वर्षांचा हिशेब मिटेल. मी त्यांच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं.

भाऊजींचे कान लाल झाले होते.

"हे त्याने तुम्हाला सांगितलं?"

"हो, सर."

"तोंडाने?"

"हो."

"एवढं वाक्य," भाऊजी म्हणाले, "एवढं एक वाक्य त्याला मला लिहिता येत नव्हतं? दोन ओळींचं कार्ड पाठवायचा, त्यात तिसरी ओळ मावली नसती? तुम्हाला पक्षी, तुम्हाला हे, आणि मला काय? प्रकृती ठीक असेल!" त्यांनी पत्ते उचलले, हुकमाचा एक्का मला दिसेल असा धरला आणि गुरगुरले, "चला मेहुणे, खेळा. उतारी तुमची आहे."

ती हसत हसत गेली. सोमवारी त्यांनी तिच्याकडे जायच्या पाच दाखल्यांपैकी तीन अडवून ठेवले. ही गोष्ट मला तिनेच नंतर सांगितली, आणि वर म्हणाली, तिन्हींत चुका होत्या.